आधी मान, मग चेहरा: सांध्यांच्या फिगरवर छापलेले डोके बसवण्याचे एक प्रकरण

(प्रकरण प्रत्यक्ष घडलेले आहे. माणसांची नावे गाळली आहेत. गाव आणि ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.)

पार्श्वभूमी

कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीत काका-पुतण्याची जोडी काम करते. काकांची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवण्याचा कारखाना, पिढीजात आहे. ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत पडवीत, ओटीवर, मागच्या पडवीतसुद्धा पाट मांडलेले असतात. पुतण्याने डिप्लोमा केला आणि माडीवर दोन थ्रीडी छपाईयंत्रे आणली. एक रेझिनचे, म्हणजे पातळ रेझिन यूव्ही (अतिनील) प्रकाशाने घट्ट करत जाणारे; दुसरे फिलामेंटचे, म्हणजे प्लास्टिकची तार वितळवून थर देणारे. आधी मिक्सरची तुटलेली बटणे, पंपाचे सुटे भाग, देवळांच्या प्रतिकृती अशी कामे मिळत गेली. मग फिगर, म्हणजे सांधे हलणाऱ्या बाहुल्या, जमवणाऱ्या मुलांकडून ओळखीच्या चेहऱ्यांची डोकी छापून देण्याची कामे येऊ लागली. तयार बॉडी, म्हणजे बाहुलीचे धड, ग्राहक आणतो, डोके हा छापतो.

एका आषाढात शेजारच्या गावच्या एका ताईंचा मुंबईहून फोन आला. त्यांच्या वडिलांनी उभे आयुष्य दशावतारात राजपार्ट, म्हणजे राजाच्या भूमिका, केले. आता ते थकले आहेत. चतुर्थीला सगळे घर गावी जमते, तेव्हा त्यांना त्यांच्याच वेषातली फिगर द्यायची, असे ताईंच्या मनात होते. काकांनी मातीची मूर्ती करून देण्याची तयारी दाखवली होती, पण ताईंना मूर्ती नको होती. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. नट रंगमंचावर उभा राहून आपले बोलणे तिथल्या तिथे रचतो. बाबा बोलायला सुरुवात करण्याआधी मान किंचित वळवून समोरच्याकडे बघायचे, आणि ती नजर ताईंना लहानपणापासून पाठ होती. त्या म्हणाल्या, "मान हलाक व्हयी. नायतर फोटोच बरो."

हे वाक्य मी मुद्दाम नोंदवून ठेवले आहे. कामाची खरी अट यातच सांगितलेली होती. चेहरा हुबेहूब हवा हे तर झालेच, पण मान वळली पाहिजे आणि वळवलेल्या जागी टिकली पाहिजे.

अडचण कशी उभी राहिली

माप ठरले खऱ्याच्या एक सहांश (१:६), म्हणजे साधारण बारा इंची फिगर. या मापात माणसाचे डोके हनुवटीपासून टाळूपर्यंत ३८ मिलिमीटरच्या आसपास येते. त्यावर राजाचा मुकुट. बॉडी मुंबईच्या एका विक्रेत्याकडून मागवली. विक्रेत्याच्या माहितीत मानेची गोळी, म्हणजे जिच्यावर डोके बसते आणि फिरते ती, १० मिलिमीटरची लिहिली होती.

इथे पहिला निर्णय आला. घाटात पावसाने रस्ता अडलेला, कुरिअर केव्हा पोहोचेल याचा भरवसा नाही, आणि तारीख तर हलणार नाही. बॉडी हातात येईपर्यंत थांबायचे की दिलेल्या मापावर डोके करून ठेवायचे? पुतण्याने डोके करून ठेवले. बाबांचे आताचे चेहऱ्याचे स्कॅन मोबाईलवर घेतले, तरुणपणचे वेषातले दोन फोटो समोर ठेवले आणि ब्लेंडर या संगणकप्रणालीत चेहरा घडवला. हे काम त्याने फार मन लावून केले. गालाची ठेवण, भुवयांमधली आठी, सगळे उतरले होते. डोक्याच्या तळाशी त्याने १०.१ मिलिमीटरची गोल खोबण दिली आणि तिचे तोंड ९.५ ठेवले, म्हणजे गोळी खटकन आत बसेल आणि बाहेर येणार नाही.

त्या दिवसांत आयपीए (छापलेले रेझिन धुण्याचे अल्कोहोल) मिळेना, म्हणून पाण्याने धुता येणारे रेझिन वापरले. डोके भरीव छापले. मग प्रायमर, अॅक्रिलिक रंग, आणि डोळेसुद्धा.

डोळ्यांच्या वेळी काका जिन्यातून वर आले होते. शाळेत मूर्तीची आखणी, म्हणजे डोळे-भुवयांच्या रेषा, अगदी शेवटी होते. मूर्ती पाटावर सरळ बसली, सोंड-हात जागेवर आले की मगच काका कुंचला घेतात, कारण नजर कुठे पडते ते बैठकीवर ठरते. ते म्हणाले, "डोळे आत्ताच कित्याक काढतंस? आधी बसव, मगे बघ खंय बघता तो." पुतण्याला बॉडी येईपर्यंत हात मोकळे ठेवायचे नव्हते. त्याने डोळे काढले.

बॉडी आली. मानेत एकच गोळी नव्हती. दोन्ही टोकांना गोळी असलेली डंबेलसारखी खुंटी होती; खालची गोळी छातीत, वरची डोक्यात. व्हर्नियर (बारीक मापे घेण्याची मोजपट्टी) लावला तेव्हा वरची गोळी १०.३ भरली. साच्याच्या दोन भागांची शिवण जिथून जाते तिथे १०.५. साच्यात ओतलेली प्लास्टिकची गोळी क्वचितच सगळीकडून सारखी गोल असते, म्हणून एकाच दिशेने घेतलेले माप फसवते. विक्रेत्याने लिहिलेल्या आकड्याचा आणि हातातल्या वस्तूचा संबंध एवढाच.

अर्धा मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतो. पण खोबणीचे तोंड ९.५ आणि गोळी १०.५, म्हणजे तोंडाला पूर्ण एक मिलिमीटर फाकावे लागणार. कंपनीच्या फिगरचे डोके बहुधा मऊ पीव्हीसीचे असते. ते गरम पाण्यात धरले की नरमते, गोळीवरून ताणले जाते आणि थंड झाल्यावर पुन्हा आपल्या आकारात येते. यूव्हीने घट्ट झालेले रेझिन थर्मोसेट असते, म्हणजे एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. उष्णतेने ते थोडे मऊ पडते, पण ताणून परत येण्याची ताकद साध्या रेझिनमध्ये फारच कमी असते. पुतण्याने तरीही पीव्हीसीच्या डोक्यासारखेच गरम पाण्यात धरून दाबले. गोळी आत गेली आणि मानेच्या मागून कानाच्या पाळीपर्यंत चीर गेली.

चीर नसती गेली तरी काम अडलेच असते. भरीव डोके आणि मुकुट मिळून वजन ४० ग्रॅमच्या घरात होते. उभे केले की हनुवटी छातीवर टेकायची. राजा नाही, झोपी गेलेला माणूस दिसत होता. शिवाय खोबण फार खाली होती, त्यामुळे मान लांब दिसत होती. आणि काकांनी सांगितले होते तेच झाले: मान वळवली की काढलेले डोळे समोरच्या माणसाच्या डोक्यावरून कुठेतरी बघत.

कोणते पर्याय तोलले गेले

या टप्प्यावर मला मापे तपासायला बोलावले. चतुर्थीला तीन आठवडे होते. माडीवर बसून आम्ही पर्याय मांडले. ते सविस्तर देतो, कारण या कामात पडणारा प्रत्येक जण कधी ना कधी याच वळणावर येतो.

सगळ्यात सोपा पर्याय डोके चिकटवून टाकण्याचा. तो ताईंच्या अटीतच बसत नव्हता. शिवाय अनेक बॉड्यांच्या खुंट्या पीओएम नावाच्या निसरड्या प्लास्टिकच्या असतात आणि त्यावर सुपरग्लू नीट धरत नाही. दमट हवेत सुपरग्लू झटकन आवळतो आणि त्याची वाफ आजूबाजूच्या रंगावर पांढरी पूड होऊन बसते. पावसाळ्यात, रंगवलेल्या चेहऱ्याजवळ, हा धोका पत्करण्यात अर्थ नव्हता.

ग्लू गनचा पर्याय पुतण्याने आधी वापरलेला होता. डोक्यातल्या पोकळीत गरम गोंद भरायचा, गोळीला पेट्रोलियम जेली लावायची, गोंद किंचित निवला की गोळी दाबायची. गोंद रबरासारखा लवचिक राहतो, म्हणून गोळी बाहेर येते आणि परत बसते. चाचणीसाठी ही युक्ती उत्तम आहे. पण वैशाखात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली फिगर आठवली की पुढचे सांगायला नको. हा गोंद उष्णतेने नरमणाराच.

एम-सीलसारखी इपॉक्सी पुट्टी हा बहुतेकांचा आवडता मार्ग. ती गोळीचा आकार तंतोतंत घेते, शिवणीसकट. अडचण दोन ठिकाणी येते. पुट्टी गोळीच्या अर्ध्याच्या पलीकडे चढली तर सुकल्यावर गोळी आतच अडकते. अर्ध्यापर्यंतच ठेवली तर डोके धरून ठेवायला काहीच उरत नाही. मधली जागा सापडते, पण पुट्टी दगडासारखी कडक होते, त्यामुळे घर्षण रोजच्या हाताळणीत झिजून जाते आणि एके दिवशी मान सैल पडते. मग पुन्हा खोदकाम, तेही रंगवलेल्या डोक्यात.

चुंबकावर बराच वेळ बोललो. डोक्यात निओडिमियम चुंबक, मानेच्या टोकाला पोलादी गोळी. डोके क्षणात निघते, क्षणात बसते, वळते छान. मुकुट नसता तर मीही याच बाजूचा झालो असतो. पण पुढे झुकलेल्या जड डोक्याला चुंबक गोळीवरून घसरू देतो. आणि घरात ताईंची लहान भाचरे होती. सुटा पडलेला छोटा चुंबक पोटात जाणे, विशेषतः एकाहून अधिक, ही गंभीर बाब आहे. आतड्याच्या दोन वळणांमध्ये ते एकमेकांना ओढतात. हे ऐकल्यावर ताईंनीच नको म्हटले.

आणखी एक मार्ग होता. तयार पीव्हीसी डोक्याच्या तळाचा खोबणीचा तुकडा कापून छापलेल्या डोक्यात बसवायचा. विचार अगदी बरोबर, पण त्या बॉडीबरोबर डोके आलेच नव्हते, आणि दुसरे मागवायला पुन्हा तोच घाट.

या शेवटच्या पर्यायातूनच रस्ता निघाला. पीव्हीसीचा तुकडा चालतो, कारण लवचिकपणा जिथे हवा तिथे येतो आणि चेहरा कडक राहतो. मग तो तुकडा आपणच का छापू नये? माडीवर फिलामेंटचे यंत्र होते आणि पुतण्याकडे टीपीयूचे, म्हणजे रबरासारख्या लवचिक प्लास्टिकचे, रीळ होते, मोबाईलची कव्हरे छापायला आणलेले.

माझ्या मते या प्रकरणातला कळीचा निर्णय हाच होता. तोपर्यंत सगळे प्रश्न "डोके कसे बसवायचे" असे विचारले जात होते. इथून ते "झिजणारा भाग कोणता आणि तो बदलता येईल का" असे झाले.

काय केले

पहिल्यांदा गोळीचे माप चार दिशांनी घेतले आणि शिवण बारीक पॉलिश पेपरने हलकेच उतरवली. गोळी सगळीकडून १०.३ झाली. मग टीपीयूच्या छोट्या वाट्या छापल्या, आतला व्यास १०.० पासून ०.१ च्या फरकाने वाढत जाणारा. प्रत्येक वाटीच्या कडेला चार उभ्या फटी, म्हणजे तोंड पाकळ्यांसारखे फाकते आणि परत मिटते. प्रत्येक वाटी खुंटीवर चढवून, वर ४० ग्रॅमचे वजन बांधून बघितले. १०.१ ची वाटी वजन धरत होती आणि दोन बोटांनी वळतही होती. गोळीपेक्षा वाटी थोडी लहान लागते, कारण घर्षण त्या आवळण्यातूनच येते. कडक रेझिनच्या खोबणीत हाच फरक चीर पाडतो.

मग डोक्याचा आराखडा पुन्हा उघडला. चेहऱ्याला हात लावला नाही, आत मात्र सगळे बदलले. डोके आणि मुकुट २ मिलिमीटर भिंतीचे पोकळ केले. तळाशी वाटीसाठी घर केले आणि त्याच्या आत कडेने एक खाच दिली. वाटीच्या बाहेरच्या काठाला तशीच कड. वाटी खालून दाबली की खाचेत अडकते. गोंदाचा थेंब नाही. उलथण्याच्या टोकाने ती काढता येते.

वळण्याचा मध्यबिंदू कुठे ठेवायचा यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. आपण मान डोलावतो तेव्हा डोके कवटीच्या तळाशी, कानांच्या पातळीजवळ हलते. म्हणून गोळीचा मध्य कानाच्या पाळीच्या रेषेत आणला. त्याहून वर नेला तर हनुवटी गळ्यातल्या माळांना घासते, खाली आणला तर मान लांबते. मुकुट अर्धा मिलिमीटर मागे सरकवला, म्हणजे वजन गोळीच्या वर येईल, पुढे लोंबणार नाही.

रेझिन बदलले. आयपीए मिळवले आणि एबीएस प्लास्टिकसारखे चिवट रेझिन घेतले. पाण्याने धुण्याचे रेझिन फेकण्यासारखे नाही, पण ते पाणी शोषते. जास्त वेळ पाण्यात राहिले किंवा नीट न सुकवता घट्ट केले तर पुढे तडकते, आणि ऑगस्टमध्ये कोकणात "नीट सुकवणे" म्हणजे काय हे इथल्या कोणालाही ठाऊक आहे. पोकळ डोक्यात न घट्ट झालेले रेझिन अडकून राहिले तर तेही काही आठवड्यांनी आतून भिंत फोडते. म्हणून वाटीचे घर उघडेच ठेवले, त्यातून धुतले, आणि त्यातूनच यूव्ही टॉर्चचा उजेड आत सोडला.

धुतलेल्या द्रावाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पुतण्याच्या घराच्या मागे व्हाळ (ओहोळ) आहे आणि खाली शेजाऱ्यांची विहीर. रेझिन मिसळलेले पाणी किंवा आयपीए कधीही मोरीत जाता कामा नये. पाणी यूव्हीखाली ठेवले की त्यातले रेझिन घट्ट होते, मग गाळून तो गाळ सुका कचरा म्हणून टाकायचा. आयपीए झाकण लावून साठवायचे, निवळले की वरचे पुन्हा वापरता येते. नायट्राइलचे हातमोजे तर हवेतच. वाडीत राहून हे काम करणाऱ्याने एवढे पाळलेच पाहिजे.

खालची गोळी छातीत थोडी सैल होती. तिच्यावर पारदर्शक अॅक्रिलिक वार्निशचा पातळ हात दिला आणि पूर्ण सुकल्यावरच परत बसवली. ओली असताना बसवली असती तर मान तिथेच चिकटली असती.

रंगाचे काम या वेळी काकांच्या क्रमाने झाले. आधी डोके बॉडीवर, वेष अंगावर, मान ताईंनी सांगितलेल्या कोनात. चेहऱ्याचा रंग पुतण्याने दिला. डोळ्यांची आखणी काकांनी केली, फिगर त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर ठेवून, मान वळलेल्या स्थितीतच. खाली पडवीत मूर्ती सुकवायला मोठे हॅलोजन लावलेले असतात. कोणीतरी डोके त्यांच्यासमोर ठेवायला सुचवले. ते टाळले. एवढ्या जवळून रेझिन मऊ पडते आणि वाटीचे घर वाकले तर सगळे माप वाया जाते. पंख्याच्या वाऱ्यावर ठेवले, वेळ जास्त लागला. स्प्रेचे मॅट वार्निशही टाळले, कारण दमट हवेत ते पांढरट धुके धरते. पाण्यावरचे मॅट वार्निश ब्रशने दोन पातळ हात दिले.

पुढे काय झाले

हरतालिकेच्या दिवशी फिगर ताईंच्या घरी पोहोचली. बाबांनी ती हातात घेतली, मान स्वतः वळवली आणि थोडी खाली केली. ताईंनी सांगितलेला कोन त्यांना मान्य नव्हता. राजा बसलेल्या प्रधानाकडे बघतो तेव्हा मान एवढी वर नसते, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी केलेल्या कोनात ती अजून उभी आहे.

डब्यात दोन जादा वाट्या दिल्या होत्या. पुढच्या उन्हाळ्यात, भाचरांच्या हाताळणीने, मान सैल झाली. ताईंनी व्हिडिओ कॉलवर बघत बघत वाटी स्वतः बदलली. चेहऱ्याला ओरखडा नाही. टिकले नाही ते मानेच्या कडेचे रंगकाम: डोक्याचा काठ जिथे मानेवर घासतो तिथे त्वचेचा रंग उडून पांढरी रेघ दिसू लागली. माळांमुळे ती झाकली जाते. उघड्या गळ्याच्या फिगरवर ती खपणार नाही. त्यावर आता पुतण्या तो काठ अर्धा मिलिमीटर आत तासून घेतो आणि रेझिनमध्येच त्वचेच्या जवळचा रंग मिसळून छापतो, म्हणजे घासले तरी खालून पांढरे येत नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिला निर्णयच घेऊ. बॉडी येण्याआधी चेहऱ्याचे काम सुरू करणे चूक नव्हते. तारीख तशीच होती. चेहरा आणि मानेची खोबण एकाच फाइलमध्ये पक्की करणे, हे टाळता आले असते. चेहरा घडवून ठेवायचा, तळ कोरा ठेवायचा. मधल्या काळात विक्रेत्याला व्हर्नियर लावलेला मानेचा फोटो मागायचा. फोन लावायला पाच मिनिटे लागली असती आणि डंबेलची खुंटी आधीच कळली असती.

चीर गेली त्या क्षणाबद्दल पुतण्याचे आणि माझे अजून एकमत नाही. त्याचे म्हणणे, गोळी जात नाही म्हटल्यावर खोबण बॉल बरने (गोल टोकाच्या फिरत्या कोरणीने) तासून मोठी केली असती तर पहिले डोके वाचले असते. वाचले असते हे खरे. पण भरीव, जड, लांब मानेचे आणि चुकीकडे बघणारे डोके ताईंच्या हाती गेले असते, आणि दिवस हातात असताना ते थांबवणारे कोणी नव्हते. तासणे हा उपाय फक्त मापाच्या चुकीवर आहे.

मुकुट वेगळा छापायला हवा होता, असे मला वाटते. मुकुट काढून ठेवला की मानेवरचा भार कमी झाला असता, आणि बाबांचा बिनमुकुटाचा, रंग उतरवल्यानंतरचा चेहराही त्याच बॉडीवर ठेवता आला असता. ताईंना तो हवा होता हे नंतर कळले. काकांना हे पटत नाही. मुकुट आणि कपाळाची रेषा एकाच घडणीत आली तरच ती खरी वाटते, असे ते म्हणतात, आणि शिवण कुठे लपवायची याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे अजून नाही.

आता पुतण्या नवीन काम घेताना आधी बॉडी मागवून घेतो, मगच बयाणा. ग्राहकाकडे बॉडी नसेल तर निदान खुंटी. माडीच्या खिडकीजवळ त्याने तारेत ओवलेल्या वाट्यांची माळ टांगली आहे, प्रत्येकीवर व्यास आणि ज्या बॉडीवर ती बसली तिचे नाव. नवी बॉडी आली की आधी ती माळ खाली उतरते, संगणक नंतर सुरू होतो.